मराठीत टाइप करताना या चुका टाळा: आधी टिंब, मग जागा, वेलांट्या नंतर

"वाढदिवसाचा हार्दीक शुभेच्छा" आणि "भावपुर्ण श्रध्दांजली". कुठल्याही ग्रुपवर ही दोन वाक्यं रोज दिसतात, आणि दोन्हींत प्रत्येकी दोन-दोन चुका आहेत. माणूस मनापासून लिहितोय, त्याच्या भावनेत काही खोट नाही, पण ज्या दोन प्रसंगी आपण दुसऱ्यासाठी आवर्जून चार शब्द लिहितो तिथे तरी ते शब्द नीट असावेत असं मला फार वाटतं. म्हणून हा सगळा खटाटोप.

एक गोष्ट आधीच क्लिअर करते, बोलीभाषा ही चूक नाही. कोणी "पानी" लिहिलं, "म्या गेलतो" लिहिलं, "मला बक्षीस भेटलं" लिहिलं तर ती त्याच्या गावची, घरची भाषा आहे आणि कमेंटमध्ये, स्टेटसला ती तशीच यावी. खाली येऊन "आधी शुद्ध लिहायला शिका" म्हणणारे लोक भाषेचं काहीच भलं करत नाहीत, समोरचा फक्त लिहायचं बंद करतो. मी बोलतेय ते अशा चुकांबद्दल ज्या कुठल्याच बोलीत नाहीत, ज्या कीबोर्डमुळे आणि परत न वाचता सेंड दाबण्यामुळे होतात, आणि ज्यांनी अर्थ बदलतो किंवा वाचणारा अडखळतो.

टिंब खाल्लं की अर्थ जातो

मला विचाराल तर ऑनलाइन मराठीतली सगळ्यात मोठी चूक ही आहे, वेलांटी नाही. "मी जेवण केल, छान झाल, अस वाटल की अजून हव होत." आपण तोंडाने "केलं, झालं, असं, वाटलं, हवं होतं" म्हणतो, मग लिहिताना तो वरचा ठिपका कुठे जातो? टिंब नसलेलं "केल" वाचताना डोळा तिथे थांबतोच. एकतर "केले" असं पुस्तकी लिहा नाहीतर "केलं" असं बोली लिहा, दोन्ही चालतं, मधलं "केल" मात्र कुठलंच रूप नाही.

आणि प्रश्न नुसता दिसण्याचा नाहीये. "दार उघड" ही आज्ञा झाली, "दार उघडं" म्हणजे दार उघडंच आहे. "मुलांची नाव पाठवा" आणि "मुलांची नावं पाठवा" यात पहिल्या वाक्यात मुलांची होडी मागितली जाते. "माझी काम झाली", "किती मत मिळाली", "झाड लावली", या सगळ्यांत अनेकवचन त्या एका ठिपक्यावर उभं आहे: कामं, मतं, झाडं. पुस्तक-पुस्तकं, घर-घरं, फूल-फुलं, सगळं तसंच.

त्याहून जास्त मला खटकतं ते आदराचं टिंब गायब होणं. "आजोबाना बरं नाही", "सरानी सांगितलं", "त्याना विचारा". मराठीत मोठ्या माणसाचा मान आपण अनेकवचनाने ठेवतो आणि ते अनेकवचन इथे टिंबात असतं: आजोबांना, सरांनी, त्यांना. घरात ज्या आजोबांना कोणी अरे-तुरे करत नाही त्यांच्याबद्दल लिहिताना मात्र "आजोबाना" लिहायचं, हे मला वाचवत नाही. त्याने, त्यांनी ही दोन वेगळी रूपं आहेत आणि "त्यानी" हे दोघांच्या मध्येच लटकलेलं असतं, वाचणाऱ्याला कळत नाही की एक माणूस आहे, चार आहेत, की एकच पण मानाचा आहे.

आता उलट बाजू. काही जण टिंब जास्त देतात, "नांव", "कांही", "नाहीं", "मीं". हे लिहिणारी व्यक्ती वयस्कर असेल तर तिला काही म्हणू नका, कारण ती तिच्या शाळेतली पद्धत आहे. मराठी साहित्य महामंडळाने केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम सरकारने १९६२ साली मान्य केले, १९७२ मध्ये त्यात आणखी ४ आले, असे एकूण १८. त्या नियमांनी उच्चार न होणारी टिंबं काढून टाकली, त्याआधी "घरें", "केलें", "नांव" असंच शिकवायचे. आता शाळेत असलेल्या मुलाने मात्र "नांव" लिहायचं काही कारण नाही. साधा उपाय असा की वाक्य एकदा पुटपुटून बघा, उच्चारात टिंब ऐकू आलं तर द्या, नसेल तर नको. पाटील, पाटलांना, काही, नाही, केलं, पाहिलं, कान बरोबर सांगतो.

मुंबई ला, आई साठी, घरा वर

ही चूक दहा-पंधरा वर्षांपूर्वी एवढी नव्हती असं माझं निरीक्षण आहे, आणि तिचं मूळ फोनच्या कीबोर्डमध्ये आहे. आपण "मुंबई" टाइप करतो, वरच्या पट्टीतला शब्द निवडतो, कीबोर्ड स्वतःहून पुढे एक जागा सोडतो आणि मग आपण "ला" लिहितो. झालं "मुंबई ला". त्यात हिंदीत "में", "को", "के लिए" सुटे लिहितात ते दिवसभर डोळ्यासमोर असतं, त्यामुळे हे चुकीचं वाटेनासंही झालंय.

मराठीत विभक्तीचा प्रत्यय (ला, चा, ने) आणि शब्दयोगी अव्यय (साठी, वर, मुळे) शब्दाला चिकटूनच येतं. मुंबईला, आईसाठी, घरावर, त्याच्यामुळे, परीक्षेपर्यंत. इंग्रजी शब्द असला तरी तेच, इन्स्टावर, गुगलवर, ऑफिसमध्ये. सुटं लिहिल्यावर होतं काय तर अरुंद स्क्रीनवर "मुंबई" एका ओळीच्या शेवटी राहते आणि "ला" बिचारा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटा येतो. अर्थही घोटाळ्यात पडतो, "तो माझ्या बरोबर बोलला" म्हणजे माझ्यासोबत बोलला की माझ्याबद्दल अचूक बोलला? "माझ्याबरोबर" जोडून लिहिलं की प्रश्नच येत नाही. "मी ही" आणि "मीही" पण तसंच.

पण नुसती जागा काढून भागत नाही, कारण मराठीत प्रत्यय लागायच्या आधी शब्द बदलतो. "पुणे ला" मधली जागा काढली तर "पुणेला" होतं, ते कोणी म्हणत नाही, "पुण्याला" म्हणतात. रस्ता वर नाही, रस्त्यावर. ठाणे मध्ये नाही, ठाण्यात. "महाराष्ट्र मध्ये पाऊस" अशा हेडलाइन्स बातम्यांच्या साइटवर सर्रास दिसतात, तिथे "महाराष्ट्रात" लिहिलं तर अक्षरंही कमी लागतात.

याच कुळातली चूक म्हणजे चा आणि च्या. "माझा कडे", "तुमचा मुळे", "त्याचा साठी". कडे, मुळे, साठी, वर, बरोबर असं काही पुढे आलं की मागच्या "चा"चं नेहमी "च्या" होतं आणि "झा"चं "झ्या": माझ्याकडे, तुमच्यामुळे, त्याच्यासाठी. यात अपवाद शोधत बसू नका. वाढदिवसाचं वाक्यही इथेच सुटतं, शुभेच्छा अनेक आहेत म्हणून वाढदिवसाच्या शुभेच्छा. आणि हार्दिक, पहिली वेलांटी.

दिसायला सेम, आतून वेगळं

"डॉक्टर" हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे ॉ हे एकच चिन्ह वापरून, दुसरा म्हणजे आधी काना देऊन मग वर चंद्र ठेवून. बऱ्याच फोनवर दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण कंप्युटरसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. तुम्ही लेख लिहिला, त्यात सगळीकडे काना अधिक चंद्र, आणि कोणी नीट टाइप करून सर्च केलं तर तुमचा लेख सापडेलच याची खात्री नाही, दुसऱ्या एखाद्या फॉण्टमध्ये तर ते चंद्र बाजूला उडालेलंही दिसतं. "दुःख", "स्वतः" मध्ये विसर्गाऐवजी कोलन टाकणं हाही तोच प्रकार. विसर्गाचं वेगळं चिन्ह मराठी कीबोर्डवर असतं, ते वापरा. आणि ॲप, ॲडमिशन यासाठी मराठीत "ॲ" आहे, हिंदीसारखं "ऐप", "ऐडमिशन" लिहायची गरज नाही.

आता र. "दुसर्या", "बर्याच", "सार्या" असं रफार, म्हणजे डोक्यावरचा र, देऊन लिहिलेलं खूप दिसतं. मराठीत इथे आडवा अर्धा र लागतो, दुसऱ्या, बऱ्याच, साऱ्या. फरक उच्चारात आहे आणि अर्थातही. "आचार्यांना बोलवा" म्हणजे गुरुजींना, "आचाऱ्यांना बोलवा" म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. लग्नघरात दोघेही असतात! दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. टाइप करायचं कसं, तर खाली टिंब असलेला ऱ, मग पाय मोडायचा (् हे चिन्ह), मग य. फोनवर बऱ्याच कीबोर्डांत र दाबून धरला की ऱ मिळतो, कंप्युटरवर इनस्क्रिप्ट पद्धतीचा कीबोर्ड असेल तर र च्याच बटणावर शिफ्ट दाबून येतो.

श्रद्धांजलीचं कोडं पण इथलंच. द आधी अर्धा, ध नंतर पूर्ण: द्ध. शुद्ध, प्रसिद्ध, बुद्ध, युद्ध, पद्धत. "ध्द" लिहिलेले बोर्ड, बॅनर इतके दिसतात की तेच खरं वाटायला लागलंय, पण संस्कृतातून आलेल्या या शब्दांत जोडी अशीच असते, हलकं अक्षर आधी, जड अक्षर नंतर. इच्छा, उत्थान, शुद्ध. हे एकदा डोक्यात बसलं की "शुभेच्छा" पण चुकत नाही, शुभ अधिक इच्छा.

महत्त्व मध्ये दोन त, कारण महत् अधिक त्व. तत्त्व, सत्त्व, व्यक्तिमत्त्व यांतही दोन. अस्तित्व, नेतृत्व, मातृत्व यांत एकच, कारण मूळ शब्दाच्या शेवटी त् नाहीच. उज्ज्वल मध्ये दोन ज, तज्ज्ञ मध्येही ज् आणि ज्ञ. हृदय, कृष्ण, दृष्टी यांत ऋकार, "ह्रदय" नाही. आणि कोट्यवधी, काना न देता, लक्षावधीत मात्र काना आहे.

आता वेलांट्या-उकार

सगळे नियम पाठ करायची गरज नाही, पाच-सहा शब्द सुधारले तरी अर्धं लिखाण सुधारतं कारण हेच शब्द सारखे येतात. "की" नेहमी दुसरी वेलांटी, "आणि" नेहमी पहिली. करून, म्हणून, पासून, वरून, येऊन, जाऊन, शेवटचा ऊन कायम दुसरा उकार. सुरू पण दुसरा. "करुन" एवढं का पसरलं याचं एक कारण र च्या आकारात आहे, बाकी अक्षरांना उकार खाली लागतो, र ला तो मध्ये पोटाशी लागतो, त्यामुळे छोट्या फॉण्टमध्ये रु आणि रू यांतला फरक पटकन दिसतच नाही. झूम करून एकदा बघा. भविष्यकाळात येईल, जाईल, राहील, देईल, शेवटी दुसरी वेलांटी. आज्ञा करताना पाहा, राहा. "इथे पहा" नाही, "इथे पाहा". आशीर्वाद, परीक्षा, दीपावली, मूर्ती, भावपूर्ण हे पाच शब्द एवढे चुकतात की ते फोनमध्येच सेव्ह करून ठेवावेत.

सोसायटीच्या ग्रुपवर येते तशी एक नोटीस घेऊया: "सर्व सभासदाना कळविण्यात येते कि टाकी साफ करण्या साठी उद्या पाणी बंद राहिल, ज्यांची काम बाकी असतील त्यानी आज करुन घ्यावीत." दोन टिंबं मानाची आहेत, सभासदांना आणि त्यांनी, ती आधी द्या. काम चं कामे करा, नोटीस पुस्तकी भाषेत आहे म्हणून कामं नाही, सुरुवातीला "कळविण्यात येते" आणि पुढे "कामं" अशी भेसळ नको. करण्यासाठी जोडा. मग की, राहील, करून. सात दुरुस्त्या, आणि वाक्याचा एकही शब्द बदलला नाही.

हिंदीची छाया हा वेगळाच मोठा विषय आहे, एकच सांगते, "माझी मदत करा" हे हिंदी आहे, मराठीत "मला मदत करा". आणि "तिने म्हणाली" नाही, "ती म्हणाली".

शेवटचं काम कीबोर्डचं. तुम्ही एकदा "करुन" किंवा "श्रध्दांजली" निवडलं की फोन ते शिकतो आणि प्रत्येक वेळी तेच पुढे करतो, म्हणजे तुम्ही सुधारलात तरी फोन सुधारत नाही. जीबोर्डवर, म्हणजे गुगलच्या कीबोर्डवर, तो चुकीचा शब्द वरच्या पट्टीत आला की त्यावर बोट दाबून धरा आणि कचऱ्याच्या डब्याच्या चिन्हावर ओढा, तो परत सुचवला जात नाही. मग सेटिंगमधल्या पर्सनल डिक्शनरीत जाऊन श्रद्धांजली, आशीर्वाद, महत्त्व, हार्दिक हे शब्द नीट टाइप करून टाका, आणि घरात आई-बाबांच्या फोनवरही टाकून द्या, ग्रुपवर पहिला मेसेज बहुतेक त्यांचाच असतो.