बेळगावातून अफरवट: मार्चच्या बर्फात चढायचं कसं आणि स्कीवर उतरायचं कसं

पहिलंच सांगतो, चढायला आपण बेळगावकर कमी पडत नाही. राजहंसगड, वैजनाथ करत वाढलेले पाय आहेत, दम टिकतो. मार खातो तो उतरताना. त्यामुळे स्की येत नसेल तर अफरवटचं, म्हणजे काश्मीरमधल्या गुलमर्गच्या वरच्या शिखराचं, नाव काढू नका, आधी गुलमर्गला केंद्र सरकारची संस्था आहे तिथं किंवा मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत कोर्स करा, आणि निदान साइड-स्लिप, म्हणजे स्की आडव्या धरून त्यांच्या कडांवर हळूहळू घसरत खाली येणं, डोळे झाकून जमेपर्यंत थांबा. वळण चुकलं, घाबरलात, बर्फ खराब लागला तरी साइड-स्लिप तुम्हाला खाली आणते. मी कोर्सला जाताना आई म्हणाली होती, घसरून पडायला काश्मीरला कशाला जाउलास, पावसाळ्यात न्हाणीपुढच्या फरशीवर घसर की.

तयारी दोन महिने आधीपासून. आठवड्यातून दोनदा येळ्ळूरहून गडावर, पाठीवर ८-१० किलो, आणि उतरताना पळायचं नाही, गुडघे वाकवून सावकाश यायचं कारण स्कीत मांड्याच जळतात. बाकीचे दिवस भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसायचं, दीड मिनिट टिकलात की बरंय.

आता उंची. बेळगाव साधारण ७५० मीटरवर, गुलमर्ग २,६५० वर, गंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा जवळजवळ ३,९५० मीटरवर सोडतो आणि अफरवटची धार त्याच्याही वर. गंडोलाने एका तासात वर जाऊन लगेच उड्या मारू नका. गुलमर्गला दोन रात्री झोपा, पाणी प्या, तिसऱ्या दिवशी पहिल्या टप्प्यापर्यंतच जाऊन या. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं तर वर जायचं नाही, वाढलं तर खाली यायचं, यात मर्दानगी दाखवायची नाही. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही ते इथंच डॉक्टरला विचारून जा. आणि हो, आपलं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, पोस्टपेड घ्या.

चढाई स्किन्सवर होते. स्किन म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी, केस एकाच दिशेला, त्यामुळे पुढे सरकते, मागे घसरत नाही. बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीची, टाच मोकळी सोडायची आणि पाय उचलायचा नाही, सरकवायचा. उचलत चाललात तर अर्ध्या तासात संपलात. सरळ वर न जाता घाटातल्या रस्त्यासारखं नागमोडी जायचं. मी पहिल्या वेळी काय केलं, स्किन लावताना ती बर्फावर ठेवली, गोंदाची बाजू खाली. वाऱ्यात हातमोजे काढून एकेक बर्फाचा कण नखानं खरवडत बसलो, बोटं बधिर, आणि तरी ती शंभर पावलांवर निघालीच. तेव्हापासून विश्रांतीत स्किन काढली की घडी घालून थेट जॅकेटच्या आत, पोटाशी. गोंद गरम राहिला तरच चिकटतो. बूट भाड्याने घेताना पण घाई नको, एका दुकानात मला एक नंबर मोठा बूट गळ्यात मारला, संध्याकाळी दोन्ही नडग्या निळ्या. टाच आत हलायला लागली की नको म्हणा.

मार्चची खरी गंमत आणि खरा धोका वेळेत आहे. रात्री बर्फ गोठून फरशीसारखा कडक होतो, उन्हानं वरचा थर दोनेक इंच मऊ पडतो, तेव्हा स्की लोण्यावरून सुरी जावी तशी जाते. त्याच्यानंतर तो ओला, जड होतो आणि सुटतो. पूर्वेकडचा उतार आधी मऊ होतो, उत्तरेकडचा उशिरा किंवा होतच नाही. म्हणून पहाटे अंधारात निघा, परत फिरायची वेळ आदल्या रात्री ठरवा, आणि ती वेळ झाली की शिखर हाताच्या अंतरावर असलं तरी वळा. मी दोनदा वळलोय, तिसऱ्या वेळी धार गाठली. ढग असेल तर बर्फ मऊ होणारच नाही, मग त्या कडक फरशीवरून उतरायचं का याचाही विचार आधीच करा.

बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशाच्या उतारावर होतात. घरातला जिना साधारण तेवढाच असतो, म्हणजे स्कीला मजा येणारा उतार तोच धोक्याचा. पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला, भेगा पळाल्या, किंवा कालच बर्फ पडून वारा सुटलाय, तर त्या उतारावर जायचं नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवटवरच दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले. प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा सिग्नल देणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं हवंच, एकात सगळ्यांचं चालत नाही. गाडलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत निघाला तर बहुतेक वाचतो, पुढे शक्यता झपाट्यानं कमी होते, म्हणजे शोधणारे तुम्हीच. सराव बेळगावातच करा. आम्ही व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत पालापाचोळ्यात एक ट्रान्सीव्हर पुरून दुसऱ्याने शोधत होतो, मोबाईल लांब ठेवून, कारण तो सिग्नलमध्ये गडबड करतो. फिरायला आलेले एक काका येऊन विचारतात, "काय हुडकूलास रे, सोनं?"

स्थानिक गाईड घ्या, स्की पेट्रोलने, म्हणजे उतारांवर लक्ष ठेवणाऱ्या पथकाने, बंद केलेल्या उतारावर जाऊ नका. गॉगल, सनक्रीम, आणि सनक्रीम नाकाच्या खालूनही, बर्फावरून ऊन उलटं येतं. खायला कुंदा न्या, थंडीत चॉकलेट दगड होतं, कुंदा चावता तरी येतो.

परत आल्यावर स्किन्स सावलीत वाळवा, गोंदाच्या बाजू जाळीला चिकटवून ठेवा, आणि एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर अजिबात टाकू नका, माझ्या एका जोडीचा गोंद वितळून आमच्या सतरंजीला लागलाय तो अजून निघाला नाही.