जुन्या सिक्स-सिलिंडरचं ॲव्हरेज: दोष कार्बोरेटरचा नव्हता

माझी जुनी इनलाइन सिक्स, म्हणजे एका रांगेत सहा सिलिंडर असलेली गाडी, लिटरला जेमतेम ६ किलोमीटर द्यायची. सगळ्यांचं बोट पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरकडे. मीही दोनदा त्यातले जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रं) बदलले, फरक शून्य. शेवटी डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम ॲडव्हान्सची, म्हणजे इंजिनच्या हवेच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या युनिटची, नळी तोंडाने ओढून पाहिली, तर हवा सरसर येत राहिली. आतला पडदा फाटला होता! हलक्या पायाने एकसारखी गाडी चालवताना मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं, म्हणून ठिणगी लवकर पडावी लागते. ती उशिरा पडली की पेट्रोलची बरीच ताकद उष्णता होऊन सायलेन्सरवाटे निघून जाते. नवा युनिट बसवला, ठिणगीची वेळ दाखवणाऱ्या टायमिंग लाइटने तपासलं, मूळ जेट परत लावले. आता मोकळ्या रस्त्यावर साडेआठ मिळतात. गर्दीत मात्र फारसा फरक नाही. तिथे गाडीचं वजनच पेट्रोल खातं.