मकॉलेबाईंची पत्रं कशी वाचायची

एमएच्या प्रोजेक्टला अमेरिकन क्रांतीवर वेगळं काय घ्यायचं असं जळगाव-धुळ्याकडची पोरं विचारत असतात, तर माझं उत्तर ठरलेलंय, कॅथरीन मकॉले या इंग्लिश इतिहासकार बाईची पत्रं घ्या भो. पहिले हे क्लिअर करा की ही ती 1835 च्या शिक्षणवाल्या लॉर्ड मकॉलेची भानगड नाही, तो जन्मला 1800 ला आणि ही बाई 1791 लाच गेली. हिने 1763 ते 1783 मधे इंग्लंडचा 8 खंडी इतिहास लिहिला, राजेशाहीची बाजू न घेता, त्यामुळे अमेरिकेतली बंडखोर मंडळी हिला आपली मानायची.

पत्रं शोधायला फाउंडर्स ऑनलाइन ही अमेरिकेच्या संस्थापक नेत्यांच्या पत्रांची साइट उघडा, फुकट आहे. नाव टाकताना टीएच नंतर ए टाका, ई नाही, आणि 1778 ला तिने दुसरं लग्न केलं म्हणून पुढे ग्रॅहम नावानेही सर्च करा नाहीतर अर्धी पत्रं दिसणारच नाहीत. मर्सी वॉरन या अमेरिकन लेखिकेसोबतच्या पत्रांसाठी मात्र कॅरन ग्रीनने संपादित केलेला ऑक्सफर्डचा संग्रह बघावा लागेल, लायब्ररीतून मागवा, विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका.

आता वाचायचं कसं. वहीत दोन कॉलम पाडा, एकीकडे तिचं पत्र कधीचं, दुसरीकडे उत्तर कधीचं, कारण जहाजाने टपाल जायचं त्यात आठवडेच्या आठवडे जायचे आणि तेवढ्यात इकडे जग बदललेलं असायचं. तिने ऑक्टोबर 1789 मधे वॉशिंग्टनला लिहिलं, त्याचं उत्तर 9 जानेवारी 1790 चं आहे. सुरुवातीचं गोडगोड बोलणं वाचा आणि सोडून द्या, माल पुढे आहे. तो लिहितो की मी कोणी न चाललेल्या वाटेवर चालतोय, माझ्या जवळपास प्रत्येक वागण्याचा पुढे पायंडा पडू शकतो. राष्ट्राध्यक्ष होऊन वर्षही झालं नव्हतं हो! ओळख जुनी होती, 1785 ला ती माउंट व्हर्नॉनला त्याच्याकडे राहूनही आली होती, पण मला वाटतं तो इथे मैत्रिणीशी कमी आणि इतिहासकाराशी जास्त बोलतोय, ही आपल्याबद्दल लिहील हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून प्रत्येक पत्राला हाच प्रश्न विचारा, हे तिच्यासाठी लिहिलंय का पुढच्या पिढीसाठी. आणि माउंट व्हर्नॉनवर गुलाम राबत होते, तेव्हा लिबर्टी कोणाची तेही मार्जिनमधे लिहून ठेवा.

जमलं तर धुळ्याला राजवाडे मंडळात एक चक्कर मारा, राजवाड्यांनी मराठ्यांची पत्रं छापताना तारखा आणि टिपा कशा लावल्या ते बघितलं की कॉलम पाडायची सवय लागते.

सगळी पत्रं घेऊ नका, 1789-90 चीच घ्या, एका सेमिस्टरला तेवढी पुरतात.