इंग्रजीत 'आय' (I) की 'मी' (me)? भाऊला जरा बाजूला करा

'मायसेल्फ अमुक, फ्रॉम चाळीसगाव' अशी ओळख आपल्याकडे सर्रास ऐकू येते. तिथं सरळ 'आय ॲम' म्हणा, विषय संपला. खरा घोळ होतो सोबत दुसरं माणूस आलं की.

१. ते माणूस मनातल्या मनात काढून टाका.
२. उरलेलं वाक्य बोलून पाहा. 'सेंड द बिल टू भाऊ अँड आय' यातून भाऊ गेला की 'सेंड द बिल टू आय' उरतं. कानालाच खटकतं! म्हणून 'भाऊ अँड मी'. पण 'भाऊ अँड आय वेन्ट टू रावेर' बरोबर.

'मायसेल्फ' वापरायचं ते सहसा त्याच वाक्यात आधी 'आय' असेल तेव्हा: 'आय कट मायसेल्फ'.

'बिटवीन'पुढे ही युक्ती चालत नाही. तिथं डोळे झाकून 'बिटवीन यू अँड मी'.