जुनी झेन ऑटोक्रॉससाठी तयार करताना

ऑटोक्रॉस हा मातीच्या मैदानावर आखलेल्या वळणांच्या मार्गावर घड्याळाशी झुंजण्याचा खेळ आहे, आणि वळणे इतकी लागोपाठ येतात की इंजिनाच्या ताकदीपेक्षा गाडीचा हलकेपणा, पकड आणि ब्रेक यांनाच जास्त किंमत येते. म्हणूनच १९९३ साली आलेली, ९९३ सीसीच्या ॲल्युमिनियम इंजिनाची मारुती झेन नवशिक्यासाठी मला आजही उत्तम वाटते. स्पर्धेची नियमावली मात्र गाडीला हात लावण्यापूर्वीच वाचून घ्यावी, कारण कोणत्या गटात कोणते बदल चालतात हे तीच ठरवते.

सुरुवात पत्र्यापासून करावी. गाडी जॅकवर नव्हे, पक्क्या स्टँडवर उचलून फ्लोअर, दारांखालचे सिल (उंबरठ्यासारखा पत्रा) आणि पुढच्या शॉकअपचे वरचे टोक जिथे बसते ती जागा स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहावी. टोक आत गेले किंवा रंगाखाली पत्रा कुरकुरला, तर आधी तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा. सडलेल्या पत्र्यावर शर्यतीचे महागडे सामान बसवणे म्हणजे वाळूवर भिंत बांधणे.

त्यानंतर ब्रेक. जुने ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते आणि तापल्यावर पेडल मऊ पडते, म्हणून ते पूर्ण काढून ताजे भरावे, फुगलेले किंवा चिरलेले होज (ऑइलच्या रबरी नळ्या) बदलावेत आणि मागच्या ड्रमचे लायनर दोन्ही बाजूंना सारखे लागतात याची खात्री करावी. झेन पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी असल्याने घट्ट वळणात तिचे नाक बाहेर जाते. तेव्हा हँडब्रेक क्षणभर ओढून मागचा भाग फिरवावा लागतो. हँडब्रेकची केबल सैल असेल, तर सारे कौशल्य वाया जाते.

सस्पेन्शनबाबत नवखे लोक हमखास चुकतात. माझीही सुरुवातीला तीच चूक झाली: गाडी खाली बसवली, स्प्रिंग कडक केल्या. मातीवर मात्र कडक गाडीचे आतले चाक उचलले जाते, दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलमुळे सारी ताकद त्याच चाकात जाऊन ते नुसते फिरते आणि गाडी जागच्या जागी धूळ उडवते. मूळ उंची राखावी, नवे शॉकअप आणि लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) नवे रबरी बुश बसवावेत, इंजिनाखाली जाड पत्र्याचा गार्ड लावावा. इतके केल्यावर गाडीचा स्वभावच पालटतो.

गाडीचे वजन कमी करण्यासाठी मागची सीट, कार्पेट आणि डिकीतले सामान काढावे. गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारा आतला पिंजरा मात्र सीमलेस (बिनजोड) पोलादी नळीचाच हवा, टेबल-खुर्च्यांच्या पाइपचा कदापि नको. हेल्मेटजवळच्या नळीवर जाड पॅडिंग लावावे आणि सीट बेल्टचे बोल्ट पातळ पत्र्यात थेट न कसता खालून पोलादी पट्टी देऊन कसावेत. अग्निशामक नळकांडे चालकाच्या हाताला लागेल असेच बसवावे.

इंजिन सर्वांत शेवटी. उघडा शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर आवाज छान करतो, पण मैदानावरची बारीक धूळ सिलिंडरमध्ये नेतो. त्यामुळे फिल्टरचा मूळ बंद डबाच ठेवून आतला फिल्टर बदलत राहावा. स्वच्छ कार्ब्युरेटर, ठिणगीचे योग्य टायमिंग, इंजिनाचे नवे माउंटिंग आणि साफ रेडिएटर इतके पहिल्या हंगामाला पुरते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनमानी बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून ती मैदानापर्यंत ट्रेलरवरच न्यावी. प्रत्येक फेरीनंतर चाकांचे नट पान्याने तपासावेत आणि पुढच्या एक्सलचे रबरी बूट (सांध्यांवरची आवरणे) हाताने चाचपावेत. बूट फाटून ग्रीसमध्ये माती गेली, तर स्टिअरिंग पूर्ण वळवताना टकटक ऐकू येते, आणि तसे झाले की पुढची फेरी सोडून द्यावी.