समुद्रात किंवा पुळणीवर जहाजाचा माल सापडला तर काय करायचं

पावसाळ्यात पुळणीवर काय काय येऊन लागतं ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको, ड्रम, बोये, दोरखंड, लाकडं, आणि मग कोणीतरी म्हणतंच की दर्यानं दिलं ते आपलं. आधी हे डोक्यातून काढा. जहाज फुटलं, बुडालं, तरी जहाज आणि आतला माल ज्याचा होता त्याचाच राहतो, विमा कंपनीनं पैसे चुकते केले असतील तर हक्क तिच्याकडे जाऊ शकतो, पण सापडला म्हणून तुमचा होत नाही. तुमचा असतो तो वाचवल्याच्या मोबदल्याचा हक्क, त्याला सॅल्व्हेज म्हणतात, आणि हा हक्क चांगला भक्कम आहे हो, लोकांना माहीतच नसतो म्हणून माल परस्पर भंगारात जातो आणि मोबदल्याऐवजी पोलीस केस मागे लागते.

पहिलं काम म्हणजे हात लावू नका. मे २०२५ मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं, ६४० च्या वर कंटेनर होते, त्यातल्या १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड, जे पाण्याला लागलं की पेट घेणारा गॅस सोडतं. कंटेनर वाहत कोल्लम, आलप्पुळाच्या किनाऱ्याला लागले तेव्हा तिथल्या प्रशासनानं सांगितलं होतं की २०० मीटर लांब राहा आणि ११२ ला फोन करा. आपल्याकडेही हेच करा, समुद्रात असाल तर कोस्ट गार्डचा १५५४ आहे.

लांबूनच फोटो काढा, जीपीएसचं ठिकाण, वेळ, सोबत कोण होतं ते लिहून ठेवा. कंटेनर असेल तर त्यावरचा नंबर, चार अक्षरं आणि सात आकडे, हा नीट दिसला पाहिजे कारण मालक त्यावरूनच सापडतो.

आता समजा वस्तू धोक्याची नाही आणि तुमच्या जाळ्यात आली किंवा वाहून जाईल म्हणून तुम्ही बोटीत घेतली, तर ती रिसीव्हर ऑफ रेक, म्हणजे फुटलेल्या-बुडालेल्या जहाजांचा माल ताब्यात घेणारा सरकारी अधिकारी, त्याच्याकडे जमा करायची, १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात हे स्पष्ट होतं, आणि मालकाला दावा करायला एक वर्ष होतं. २०२५ मध्ये संसदेनं नवा कायदा पास केलाय, त्यामुळे अर्ज करताना कलम आणि मुदत नव्यातली बघून घ्या, जुन्या पुस्तकावर जाऊ नका. तुमच्या भागाचा रिसीव्हर कोण ते बंदर अधिकाऱ्याला किंवा कस्टमला विचारा. आणि पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही, अजिबात नाही, सही शिक्का तारीख आणि वस्तूंची यादी असलेली, कारण पुढचा सगळा दावा त्या कागदावर उभा राहतो.

मोबदला मिळायला तीन गोष्टी लागतात. जहाज किंवा माल खरंच धोक्यात होता, तुम्ही आपणहून गेलात (त्याच जहाजाचे खलाशी नेहमीच्या ड्युटीसाठी मागू शकत नाहीत), आणि काहीतरी वाचलं. काहीच वाचलं नाही तर साधारणपणे पैसाही नाही. किती मिळणार ते वाचलेल्या मालाची किंमत, तुमचा धोका, कौशल्य, वेळ, खर्च यावर ठरतं, पण वाचलेल्या किमतीच्या वर जात नाही. म्हणून डिझेलची बिलं, फाटलेल्या जाळ्याचे फोटो, बुडालेले मासेमारीचे दिवस, सगळं जपा. माणसांचे जीव वाचवले असतील तर तेही लिहा, १९५८ च्या कायद्यात जीव वाचवण्याचा मोबदला बाकी सॅल्व्हेजच्या आधी द्यायचा होता, आणि मला वाटतं आपल्या मच्छीमारांनी याच हक्काबद्दल सगळ्यात कमी विचारलंय.

मालक सरकार असेल तर मात्र गोष्ट वेगळी. १९४२ मध्ये मुंबईहून डर्बनला निघालेलं तिलावा जपानी पाणबुडीनं बुडवलं, २८० माणसं गेली. २०१७ मध्ये एका कंपनीनं अडीच किलोमीटर खोलीवरून त्यातल्या २,३६४ चांदीच्या विटा वर काढल्या आणि मोबदला मागितला, पण चांदी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची निघाली आणि मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्या सरकारला या दाव्यासाठी ब्रिटनच्या कोर्टात खेचता येणार नाही. नौदलाच्या जहाजांना तर हातच लावू नका, दीवजवळची आयएनएस खुकरी ही १९४ जणांची समाधी आहे.

तोफ, नांगर, नाणी असं शंभर वर्षांच्या वरचं काही दिसलं तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. ते विकू नका, घासून साफही करू नका, जागेवरच ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवा. गोव्याजवळ सुंची रीफवरचं जुनं जहाज एनआयओच्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या) लोकांनी अभ्यासलं ते वस्तू कुठे कशा पडल्यात यावरूनच, जागा हलली की अर्धी माहिती गेली.

आणि मालक पैसे देत नसेल तर २०१७ च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्याखाली, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांच्या कायद्याखाली, मुंबई हायकोर्टात जाता येतं, कोर्ट जहाजच अटकवून ठेवू शकतं. पण त्यासाठी जहाज आपल्या पाण्यात असावं लागतं, म्हणून वाचलेलं जहाज बंदरात दुरुस्तीला उभं आहे तोवरच अ‍ॅडमिरल्टीचं काम करणारा वकील गाठा, मच्छीमार सोसायटीमार्फत गेलात तर खर्च वाटला जातो.