जॉर्डन की लेब्रॉन? सहकाऱ्यांचा हिशेब मांडताना या चुका टाळा

एनबीए फायनल्सचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेचे, सामने आपल्याकडे सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतात. निम्मे चाहते तेव्हा झोपेत असतात, उरलेले ऑफिसच्या गडबडीत. सामना हुकतो, वाद मात्र दिवसभर चालतो. सर्वश्रेष्ठ कोण, मायकेल जॉर्डन की लेब्रॉन जेम्स, हा विषय निघाला की थोड्याच वेळात गाडी सहकाऱ्यांवर येते. ‘जॉर्डनकडे पिपेन होता.’ ‘लेब्रॉनने मायामीत वेड आणि बॉशला सोबत घेतलं.’ आपल्या लाडक्याचे साथीदार कायम सामान्य, समोरच्याच्या लाडक्याचे कायम दिग्गज. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! यात फार जुन्या आणि फार सोप्या चुका आहेत.

नावं मोजू नका, त्या वर्षीचा खेळाडू बघा

‘हॉल ऑफ फेममधले (दिग्गजांच्या मानाच्या यादीतले) किती सहकारी होते?’ हा प्रश्न विचारणं सोपं, पण त्याच्या उत्तरातून काही ठरत नाही. बिल रसेलने १३ सीझनमध्ये ११ विजेतेपदं जिंकली आणि त्याच्या बॉस्टन सेल्टिक्स संघातल्या दिग्गजांची यादी लांबलचक आहे. कूझी, शारमन, हाइनसन, सॅम जोन्स, के. सी. जोन्स, हॅवलिचेक. पण यातले काही जण हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले ते बऱ्याच अंशी याच विजेतेपदांमुळे. म्हणजे रसेलच्या बचावावर मिळालेली पुण्याई सहकाऱ्यांच्या खात्यात जमा करायची आणि तीच पुन्हा रसेलच्या खात्यातून वजा करायची. एकाच पैशाचा दोनदा हिशेब.

उलट बाजूही बघा. २००४ च्या लॉस एंजेलिस लेकर्सकडे शकील ओ’नील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन होते. कागदावर हा संघ भयंकर दिसतो. प्रत्यक्षात मलोन चाळिशीचा, त्यात गुडघा दुखावलेला, आणि पेटनचे उमेदीचे दिवस सिएटलमध्ये सरलेले. समोर एकही सुपरस्टार नसलेला डेट्रॉइट पिस्टन्स. फायनल्सचा निकाल ४-१, डेट्रॉइटच्या बाजूने.

नुसती वजाबाकी करू नका

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबतो.

१९९२-९३ मध्ये शिकागो बुल्सने ५७ सामने जिंकले. ऑक्टोबर १९९३ मध्ये जॉर्डन निवृत्त झाला आणि त्याच्याविना बुल्सने ५५ जिंकले. लेब्रॉनचे चाहते हा आकडा खिशात घेऊनच फिरतात: जॉर्डनची किंमत दोन सामने! शेजारी ते लेब्रॉनचा जुना संघ क्लीव्हलँड मांडतात. २०१० मध्ये लेब्रॉन मायामीला गेला आणि ६१ विजयांचा संघ १९ वर आला, मधे सलग २६ पराभव. वाद संपला असं त्यांना वाटतं. जॉर्डनवाले मग विजेतेपदाच्या अंगठ्या मोजायला लागतात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता आकड्यांच्या आत जाऊ. १९९३-९४ चा बुल्स म्हणजे जुन्या संघातून फक्त जॉर्डन उणे, असं नव्हतं. टोनी कुकोच आणि स्टीव्ह कर त्याच वर्षी आले. पिपेन, होरेस ग्रँट आणि बी. जे. आर्मस्ट्राँग तिघेही ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या खास सामन्यासाठी निवडलेले) झाले आणि पिपेन एमव्हीपीच्या (सर्वात मौल्यवान खेळाडूच्या) मतदानात तिसरा आला. तो अप्रतिम खेळला, यात शंका नाही. पण प्रतिस्पर्ध्यापेक्षा सरासरी किती गुण जास्त, हा आकडा सहाच्या वर होता तो तीनच्या आसपास आला. विजय जवळपास तेवढेच, पण काठावरचे. प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत) दुसऱ्या फेरीत न्यूयॉर्क निक्सकडून सातव्या सामन्यात हार.

पुढच्या उन्हाळ्यात ग्रँट ऑर्लँडोला गेला. जॉर्डन नाही, ग्रँटही नाही, तेव्हा मार्च १९९५ पर्यंत बुल्सचा हिशेब होता ३४ विजय, ३१ पराभव. जॉर्डन परतल्यावर १३ विजय, ४ पराभव. म्हणजे ५५ चा आकडा पुढे करणाऱ्याने ३४-३१ सुद्धा पुढे करायला हवा. आणि ३४-३१ दाखवणाऱ्या जॉर्डनभक्ताने हे कबूल करावं की त्याच प्लेऑफमध्ये परतलेल्या जॉर्डनला हरवणाऱ्या ऑर्लँडोमध्ये ग्रँट होता. ज्याला सगळे ‘तिसरा खेळाडू’ म्हणायचे, त्याची किंमत तेव्हा कळली.

क्लीव्हलँडचंही तसंच. लेब्रॉनबरोबर प्रशिक्षक माइक ब्राउन गेला, शकील आणि इल्गॉस्कस गेले, व्हारेझाओ जायबंदी होऊन अर्ध्याहून जास्त सामन्यांना मुकला. १९ विजय एकट्या लेब्रॉनच्या नावावर लावता येत नाहीत. (त्याच पडझडीत क्लीव्हलँडने मो विल्यम्सला क्लिपर्सकडे धाडलं आणि बदल्यात ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वाटपातली) एक निवड मिळवली. ती निघाली पहिल्या क्रमांकाची, आणि तिच्यावर आला कायरी अर्व्हिंग. लेब्रॉनला २०१६ मध्ये लागणारा साथीदार लेब्रॉन गेल्यामुळेच हाती लागला!)

मैदानावर कोण उभं होतं ते विचारा

लेब्रॉन पुन्हा क्लीव्हलँडला परतला, तरी २०१५ च्या फायनल्समध्ये क्लीव्हलँड हरलं. त्याचा सहकारी केव्हिन लव्हचा खांदा पहिल्याच फेरीत निखळला होता आणि अर्व्हिंगची गुडघ्याची वाटी पहिल्या सामन्यात फुटली. लेब्रॉनने सरासरी ३५.८ गुण, १३.३ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेला चेंडू), ८.८ असिस्ट (गुण मिळवून देणारा पास) केले, तरी गोल्डन स्टेट वॉरियर्स ४-२ ने जिंकले. हा पराभव ‘लेब्रॉनचे फायनल्समधले सहा पराभव’ या यादीत टाकून मोकळं होणं हा आळस आहे.

पण मग २०१६ सुद्धा त्याच डोळ्यांनी बघायला हवं. ३-१ अशा पिछाडीवरून क्लीव्हलँड परतलं, तेव्हा पाचव्या सामन्यात वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन निलंबित होता आणि त्याच सामन्यात त्यांचा बोगट जायबंदी होऊन बाहेर गेला. त्या रात्री लेब्रॉन आणि अर्व्हिंग दोघांनीही ४१-४१ गुण केले. सातव्या सामन्यात ८९-८९ असताना निर्णायक थ्री (तीन गुणांचा लांबचा शॉट) मारला तो अर्व्हिंगने. यामुळे लेब्रॉन लहान होत नाही. ‘एकट्याने जिंकवलं’ हे वाक्य मात्र खोटं ठरतं.

शेवटच्या शॉटवरून श्रेय वाटू नका

सकाळी सामना हुकलेल्यांची ही खास चूक, कारण मोबाइलवर दीड मिनिटाचे हायलाइट्स येतात आणि त्यात शेवटचा शॉट असतोच. १९९३, फायनल्सचा सहावा सामना, फीनिक्स. यजमान सन्स बुल्सपेक्षा ९८-९६ ने पुढे. चेंडू जॉर्डनकडून पिपेनकडे, पिपेन बास्केटच्या दिशेने आत घुसतो, बेसलाइनजवळ ग्रँटला देतो. ग्रँट स्वतः न मारता बाहेर एकट्या उभ्या जॉन पॅक्सनकडे टाकतो. थ्री, आणि ३.९ सेकंद बाकी. शेवटच्या प्रयत्नात सन्सच्या केव्हिन जॉन्सनचा शॉट अडवणाराही ग्रँटच. हायलाइट्समध्ये पॅक्सन दिसतो. न दिसणारी गोष्ट ही की चौथ्या क्वार्टरमध्ये बुल्सने जेमतेम १२ गुण केले आणि पॅक्सनचे तीन सोडले तर बाकीचे नऊ जॉर्डनचे होते. पॅक्सन एकटा उभा होता, तोही बचावाची नजर दुसऱ्यांवर खिळल्यामुळे. यात कोणी कोणाला मदत केली, हे एका नावात बसत नाही.

२०१० च्या फायनल्सची सातवी लढतही अशीच. लेकर्सच्या कोबीला फायनल्स एमव्हीपी मिळाला, पण त्या रात्री त्याचे २४ पैकी फक्त ६ शॉट पडले. त्याचा सहकारी गॅसोलने १९ गुण आणि १८ रिबाउंड केले, आर्टेस्टने २० गुण. तरी कोबीचे १५ रिबाउंड विसरू नका.

जे मोजलंच नाही, त्याचे शून्य धरू नका

रसेलकडे एकही फायनल्स एमव्हीपी नाही, असं म्हणणारे भेटतात. तो पुरस्कार १९६९ मध्ये, रसेलच्या शेवटच्या सीझनमध्ये सुरू झाला, आणि पहिलाच मिळाला हरलेल्या संघातल्या जेरी वेस्टला. आज तो पुरस्कार रसेलच्याच नावाने दिला जातो. ब्लॉक (अडवलेला शॉट) आणि स्टील (हिसकावलेला चेंडू) यांची नोंद १९७३-७४ पासूनची, थ्री-पॉइंटर १९७९-८० पासून. त्याआधीच्या बचावपटूंचं मोल तक्त्यात शोधायला जाऊ नका.

वाद अडकलाच तर

नावं झाका. खेळाडू ‘अ’ आणि ‘ब’ म्हणून आकडे आणि दुखापती मांडा, मगच मत विचारा. निम्मी भांडणं तिथेच निवतात. ‘याला त्याचे सहकारी दिले असते तर’ हा प्रश्न आला, तर कल्पनेऐवजी खरं उदाहरण घ्या. करीम अब्दुल-जब्बार (तेव्हाचा ल्यू अल्सिंडोर) मिल्वॉकीत आला आणि संघ २७ विजयांवरून ५६ वर गेला. पुढच्या वर्षी ऑस्कर रॉबर्टसन आला आणि ६६ विजयांसह विजेतेपद आलं. तोच ऑस्कर सिनसिनाटीत दहा वर्षं खेळून एकदाही फायनल्सपर्यंत पोहोचला नव्हता. १९७४ मध्ये ऑस्कर निवृत्त झाला आणि ५९ विजयांचा संघ ३८ वर घसरला. ऑस्करचा चाहता हा शेवटचा आकडा घेऊन आलाच, तर त्या वर्षी हात मोडल्यामुळे करीम सुरुवातीचे १६ सामने खेळलाच नव्हता, हे त्याला आधी सांगा.